संत्री आत, पोरं बाहेर

बाईंना मी कधी बसलेलं पाहिलं नाही. वर्गात त्यांची खुर्ची होती, पण तिच्यावर त्यांची शबनम पिशवी असायची, फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक असायचा, कधी पोरींच्या सुटलेल्या रिबिनी असायच्या. बाई उभ्यानं शिकवत, उभ्यानं वह्या तपासत आणि मधल्या सुट्टीत पिंपळाखाली उभ्यानंच गूळ-शेंगदाणे खात. हेडमास्तरांनी एकदा त्यांच्यासाठी नवी खुर्ची मागवली. दुसऱ्याच दिवशी बाईंनी ती उचलून व्हरांड्यात आणली आणि मला म्हणाल्या, "मावशी, तुमचा माठ हिच्यावर ठेवा. खाली असला की पोरं वाकून वाकून अर्धं पाणी सांडवतात." माठ त्या खुर्चीवर बसला तो बसलाच.

मी त्या शाळेत पाणी भरायचे, झाडायचे, घंटा द्यायचे. काटोलच्या पुढं आमचं लहानसं गाव, आणि तिथलं सरकारी हायस्कूल, दहावीपर्यंत. माझ्या आधी हे काम सासूकडे होतं. तिच्या गुडघ्यांनी जवाब दिला तेव्हा ते माझ्याकडे आलं. मी चौथी शिकलेली आणि बोलायला भिणारी. कोणी साहेब आला की माठामागं जाऊन उभी राहायचे. बाई तिथं गणित शिकवायला आल्या. ड्रिलच्या मास्तरांची जागा कधीपासून रिकामी होती, तर ते कामही बाईंनी आपल्याकडे घेतलं. कोणी दिलं नव्हतं. एक दिवस शिट्टी वाजली आणि आम्ही समजलो.

पहिल्या वर्षी बाई एकदा आमच्या घरी आल्या. मी बाजेवर धुतलेली चादर घातली. बाई दारातच उभ्या राहिल्या, उभ्यानं चहा प्याल्या, कप माझ्या हातात दिला आणि गेल्या. माझ्या मनाला लागलं. नागपूरच्या बाई, वरच्या घरच्या, आमच्या बाजेवर कशाला बसतील, असं मला वाटलं. पुढचे काही दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. मी एरवीही बोलत नसे, त्यामुळे त्यांना ते कळलं नसणार. मग सरपंचाच्या घरी लग्न निघालं. तिथंही बाई मांडवाच्या खांबाशी उभ्या राहून, ताट हातात धरून जेवल्या. सरपंचाची बायको पाट घेऊन मागं मागं, "बसा ना बाई, आमाले पाप लावता का!" बाई म्हणाल्या, "बसले की झोप येते." तेव्हा कुठं माझा राग गेला.

साडीखाली त्या पांढरे कॅनव्हासचे बूट घालत. बुटांना लावायला खडूचे उरलेले तुकडे जमवत. वर्ग सुटला की फळ्याच्या खालचे तुकडे मी वेचून द्यायचे. मग बाई पायरीवर एक पाय ठेवून बूट खडूनं घासत आणि तोंडानं पोरांना पाढे विचारत. साडी कमरेला खोचलेली, गळ्यात काळ्या दोऱ्याला शिट्टी. गावातल्या बायका म्हणायच्या, "हे बाई आहे का पोलीस?"

शिकवायची त्यांची रीत जगाच्या उलटी होती. दुसऱ्या शाळांत चुकलेल्या पोराला मैदानाला फेऱ्या मारायला लावतात. बाईंच्या वर्गात ज्याचं बरोबर आलं त्याला पळायला मिळायचं. "चुकलं तर बस, बरोबर आलं तर पळ," एवढाच त्यांचा कायदा. पोरं पळायला मिळावं म्हणून गणितं करायची, आणि ज्याला येत नसे तो सावलीत बसून दुसऱ्यांकडे पाहत रडवेला व्हायचा.

एकदा एक बाप शेतातून तरातरा आला. हातात वखराची काठी.

"बाई, माह्या पोराले उन्हात काहून पळवून राहिल्या? काय गुन्हा केला त्यानं?"

"त्याला अपूर्णांक आले."

"आले ना? मंग?"

"मग पळतोय."

बापानं पिंपळाकडे बोट दाखवलं. "आन थो सावलीत बसून राहिला थो?"

"त्याला नाही आले."

बापानं दोन्हीकडे पाहिलं. मग काठी खांद्यावर टाकली आणि जाता जाता पोराला ओरडून म्हणाला, "पय बाप्पा, पय. थांबू नको."

बाई कोणाची स्तुती करत नसत. कोणी अवघड गणित सोडवलं तरी "हं" म्हणत, कोणी पडून गुडघा फोडला तरी "हं" म्हणत. पण त्यांच्या हं-हंमध्ये फरक असे, आणि पोरींना तो बरोबर कळे. एरवी बाई पुस्तकात असतं तसं बोलत. संतापल्या की मात्र नागपूरची गल्ली तोंडात यायची. "काय करून राहिल्या वं तिथं? झोपून राहिल्या काय?" अशी हाक आली की पोरी हसू दाबत धावायच्या.

त्यांनी मुलींचा खो-खोचा संघ काढला तेव्हा गावात मोठा बोभाटा झाला. पळण्यावरून नाही, तिखटावरून. सामन्याच्या आधी पोरींनी आठ दिवस तिखट खायचं नाही, असं बाईंनी सांगितलं. "तिखट खाल्लं की पाणी पाणी होतं, पाणी प्यालं की पळताना पोट दुखतं." आमच्या भागात हे सांगणं म्हणजे पोरीला उपाशी ठेवा म्हणण्यासारखंच. आया शाळेत आल्या. एक म्हणाली, "बिनतिखटाची भाजी आमी आजाऱ्याले देतो. पोट्टी आजारी आहे का?" बाई म्हणाल्या, "नाही. खेळाडू आहे." ती बाई घरी गेली. पण दुसऱ्या दिवसापासून शेजारणीला सांगू लागली की माझ्या घरी खेळाडू आहे, तिचं जेवण वेगळं शिजवावं लागतं.

माझी कुसुम त्या संघात होती. तिच्या बाबांचा विचार सातवीनंतर तिला शाळेतून काढायचा होता. ते संत्र्याच्या मालावर हमाली करायचे आणि हंगामात तिथं पोरीही लागत, फळ निवडायला आणि पेटीत तणस, म्हणजे भाताचा पेंढा, लावायला. "वाचता येते, सही करता येते, अजून काय वकील कराची आहे?" असं ते म्हणत. बाईंनी मला विचारलं की सातवीच्या वर्गात सगळ्यात चपळ कोण. मी तोंडातून शब्द काढला नाही, पण कुसुम समोरून माकडासारखी उडी मारत गेली, आणि बाईंनी तिला उचललं. पहिल्या वर्षी काटोलच्या सामन्यात तिनं चार जणींना चकवलं. बाजारात कोणीतरी तिच्या बाबांना म्हणालं, "तुई पोट्टी तं वाऱ्यावानी पयते गा!" त्या दिवशी ते घरी आले आणि शाळा सोडायचं काही बोलले नाहीत. आठवी गेली, नववी लागली. आमच्या गावात तिच्यासारख्या आणखी होत्या. त्या खो-खोसाठी शाळेत यायच्या आणि आल्यावर बाई त्यांना गणितात अडकवायच्या. मैदान होतं म्हणून त्या पोरी शाळेत होत्या. हे मला कळत होतं आणि बाईंना कळत होतं, पण बाकी कोणी त्या बाजूनं पाहत नव्हतं.

त्याच वर्षी मैदान जायची वेळ आली.

हेडमास्तर चांगले होते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढं गावात त्यांच्याबद्दल भलतंसलतं बोललं गेलं. त्यांना एकच ध्यास होता, शाळेला प्रयोगशाळा पाहिजे. आमच्या पोरांनी परीक्षानळी फक्त चित्रात पाहिली होती. त्यांनी वरती अर्ज करून करून पेन झिजवलं. शेवटी गावातला संत्र्याचा व्यापारी, आम्ही त्याला शेटजी म्हणायचो, तो आपणहून शाळेत आला. मी चहा घेऊन गेले तेव्हा तो सांगत होता, "मैदान तं पडूनच राहते सर. हंगामापुरतं मले मालासाठी द्या. दरसाल द्या. बदल्यात विज्ञानाच्या दोन पक्क्या खोल्या बांधून देतो." गावातली चार मोठी माणसं सोबत होती. सगळ्यांनी माना हलवल्या. हेडमास्तरांचे डोळे भरून आले होते. खरं सांगते, मलाही वाटलं की बरं होईल, पोरं शिकतील.

बाई खिडकीशी उभ्या होत्या. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. त्यांनी एकदम विचारलं, "शेटजी, संत्रं उघड्यावर किती टिकतं?"

"उघड्यावर कायचं टिकते बाई! दिवसा ऊन, राती दव. गुरं तोंड घालते, पोट्टे खिसे भरते. तणस टाका, राखणदार ठेवा, तरी मेलं सडतेच."

"आणि खोलीत?"

"खोलीत मंग काय, राजावानी राहते. पन खोली कोन देते?"

"मी देते," बाई म्हणाल्या. "माझ्या दोन वर्गखोल्या घ्या. दारं आहेत, कुलपं आहेत. आठवी-नववी मैदानात बसेल. मैदान तेवढं सोडा."

शेटजीनं मांडीवर थाप मारली. पण हेडमास्तर खुर्चीतून उठले. "बाई, काय बोलताय! सरकारी वर्गात संत्री? उद्या कोणी साहेबानं विचारलं म्हणजे?"

"मैदान दिलं तर विचारणार नाहीत?"

"मैदानाचं कोण विचारतं!"

"हं," बाई म्हणाल्या.

तो हं कोणता होता ते मला तेव्हा कळलं नाही.

शेटजीला खोल्या इतक्या आवडल्या की मग दुसरं काही तो ऐकेना, आणि हेडमास्तरांना प्रयोगशाळा हातची जाऊ द्यायची नव्हती. त्यांनी हो म्हटलं. दिवाळीनंतर आंबिया बहाराची संत्री आली आणि आठवी-नववीच्या खोल्या छतापर्यंत भरल्या. पोरं बाहेर आली. गाव पाहायला आलं. "संत्री आत, पोरं बाहेर! उलटं राज्य आलं बाप्पा!" असं म्हणत म्हातारे कुंपणावर हात टेकून उभे राहायचे.

बाईंनी फळा खो-खोच्या खांबाला बांधला. सकाळी थंडी, तर वर्ग उन्हात. ऊन वाढलं की "उचला" म्हणायच्या आणि सगळा वर्ग दप्तरं घेऊन पिंपळाच्या सावलीत. सावली सरकली की वर्गही सरकायचा. भूमिती तर बाईंनी जमिनीवरच मांडली. चुन्यानं एवढा मोठा त्रिकोण काढायच्या की त्याच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात निरोप द्यायला पोरगी पळत जायची. खो-खोच्या मैदानाचे कोपरे काटकोनात यायला पाहिजेत, तर त्यासाठी गाठी मारलेली दोरी होती, तीन हात, चार हात आणि पाच हात. तीन पोरी गाठी धरून ताणून उभ्या राहिल्या की कोपरा बरोबर जुळे. आधी दोरी धरायची, मग पुस्तकात त्याच गोष्टीचं प्रमेय पाहायचं, असं बाईंचं चाले. कुसुमला पुस्तकातलं प्रमेय पाहून हसूच आलं. "हे तं आपली दोरी आहे!"

आणि एक गोष्ट झाली, ती कोणी ठरवून केली नव्हती. माल वाहणारे हमाल म्हणजे त्याच पोरांचे बाप. जन्मात कधी त्यांनी आपलं पोर शिकताना पाहिलं नव्हतं. आता डोक्यावर टोपली घेऊन ते मैदानाच्या कडेनं जायचे आणि समोर त्यांची पोरगी फळ्यापाशी उभी असायची. कुसुमचे बाबा एकदा असेच थांबले. तिनं काही लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. बाई "हं" म्हणाल्या आणि ती पळत सुटली. मागून शेटजीचा मुनीम ओरडला, "काय गा, टोपलीत अंडी उबवून राहिला का?" तेव्हा ते हलले. रात्री जेवताना ताटात पाहून म्हणाले, "थे चुन्यानं काय काढून राहिल्या होत्या?" कुसुमनं पाण्याचं बोट फरशीवर ओढून त्यांना काटकोन समजावला. समजला का ते मला माहीत नाही. पण त्यांनी जेवण संपेपर्यंत तो पुसू दिला नाही.

मग साहेब आले. तपासणीचे साहेब, जीपमधून, न कळवता. मी माठामागं गेले. त्यांनी नववीच्या खोलीचं दार उघडायला लावलं आणि दोन संत्री घरंगळत त्यांच्या बुटापाशी आली. हेडमास्तरांचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"वर्ग कुठे आहे?"

बाई मैदानातून चालत आल्या. "हा काय. संत्री आत, पोरं बाहेर. निर्णय माझा आहे, सरांचा नाही."

साहेबांनी मैदानात उभं राहून पोरांना विचारलं, बरंच विचारलं. पोरं सांगत गेली. ज्यांचं बरोबर आलं ती सवयीनं पळत सुटली, आणि साहेब म्हणाले, "अहो, ही पळताहेत कुठे?" ते हसलेही. पण जाताना म्हणाले, "बाई, शिकवणं उत्तम आहे. तरी खोल्यांमध्ये व्यापाऱ्याचा माल आहे हे मला लिहावंच लागेल."

"लिहा ना," बाई म्हणाल्या. "मैदान देण्याचंही चाललं होतं, तेही लिहा."

साहेबांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग पेन काढलं.

हुकूम आला. शाळेच्या आवारात, खोलीत असो की मैदानात, बाहेरच्या कोणाचाही माल ठेवायचा नाही, यापुढे कधीही नाही. आणि दुसरा हुकूम, बाईंची बदली, रामटेकच्या पलीकडच्या एका गावी, लगेच हजर व्हायचं. शेटजीनं खोल्यांसाठी खोदलेला पाया तसाच राहिला. पावसात त्यात पाणी साचलं आणि बेडकं ओरडली. प्रयोगशाळा सरकारनं दिली, पण खूप नंतर, तोवर ते हेडमास्तर निवृत्त झाले होते. हुकूम आला त्या दिवशी ते बाईंना म्हणाले, "तुम्ही माझी प्रयोगशाळा घालवलीत."

बाईंनी नाही म्हटलं नाही. "हो सर. ती परत मागता येईल. मैदान एकदा गेलं की कोणी देत नाही." हेडमास्तरांनी तिथंच विषय सोडला. गाव मात्र बोललं. ज्या बाया खेळाडूचं जेवण वेगळं शिजवायच्या, त्याच आता म्हणायला लागल्या की बाईनं पोरांच्या तोंडचा घास काढला.

आमच्या घरी तर आगच लागली. माल उघड्यावर पडला, शेटजी हमालांवर चिडला, आणि कुसुमचे बाबा माझ्यावर. नागपूरचे जिल्ह्याचे सामने जवळ आले होते. ते म्हणाले, "आता शेवटचं सांगतो. नागपूरले जिंकली तं शाळा. हारली तं दुसऱ्या दिवशी मालावर. मंग मले कोनी शिकवाचं नाही."

बाई ज्या सकाळी निघाल्या, त्यांची पेटी मी आणि कुसुमनं स्टँडवर नेली. दुसरं कोणी आलं नव्हतं. मी धीर करून विचारलं, "बाई, साहेब लिहीन हे तुमाले आधीच ठाऊक होतं का? मनून खोल्या देल्या?"

बाई रस्त्याकडे पाहत होत्या. "हं," म्हणाल्या.

मग म्हणाल्या, "मावशी, बाईमाणूस सोबत नसलं की पोरींना कोणी पाठवणार नाही. तुम्ही जायचं."

"मी? मले खो-खोतलं काय समजते?"

"पोरींना समजतं. तुम्ही सोबत राहायचं. तोंड उघडावं लागेल, तेवढंच." बस आली. बाई चढल्या, आतली जागा रिकामी होती तरी दांडा धरून उभ्या राहिल्या आणि कंडक्टरशी त्यावरून वाद घालत गेल्या. पुढं ऐकलं की नव्या गावी मैदानच नव्हतं, तर उन्हाळ्यात तलाव आटला की त्या कोरड्या पात्रात त्या पोरी पळवत. मला त्यांचं नवल वाटलं नाही.

तोंड उघडणं माझ्यासाठी सोपं नव्हतं. आधी हेडमास्तरांकडे गेले. दारात उभी राहिले, पदर नीट केला, परत नीट केला. "सर, पोरींसंगं मी जाते." माठच बोलायला लागला असावा तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ त्यांनी टेबलावरचे कागद इकडचे तिकडे केले. नंतर म्हणाले, "जा. संघाचं नाव मी कळवतो."

मग घरोघरी. पहिल्या घरी कुसुमच्या मैत्रिणीची आई भाकरी थापत होती. मी सांगितलं. ती म्हणाली, "तू? तुले तं कुत्र्याले हाड म्हनता येत नाही वं!"

"कुत्रं हाकलाले नाही चाल्ली," मी म्हटलं. "पोरींसंगं चाल्ली. पाठवतं का नाही ते सांग."

माझाच आवाज मला परका वाटला. तिनं भाकरी उलटली, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "ने बाप्पा." दुसऱ्या घरी जरा सोपं गेलं. एका घरी बापानं दार लावून घेतलं. मी ओट्यावर थांबून राहिले. म्हातारीनं आतून विचारलं कोण आहे, तेव्हा मी म्हटलं, अजून मीच आहे. शेवटी त्यांनी दार उघडलं. संघ पुरा झाला.

नागपूर मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, रामदासपेठेत दीर दवाखान्यात होते तेव्हा. त्या वेळी मी खाली मान घालून कोणाच्या तरी मागं मागं गेले होते. आता पोरी माझ्या मागं होत्या आणि रस्ता मलाच विचारावा लागत होता. विचारला. मैदान केवढं! शहरातल्या पोरी एकसारख्या बुटांत, एकसारख्या गणवेशात. आमच्या अनवाणी. पहिला सामना आमच्या पोरी जिंकल्या. दुसऱ्यात शहरातल्या एका शाळेशी गाठ पडली. शेवटच्या डावात कुसुम एकटी उरली होती. ती खांबाला वळसा घालून अशी निसटायची की समोरच्यांच्या पोरीही टाळ्या वाजवायच्या. मला हिशेब काही कळत नव्हता. मी पोरींच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांची तोंडं उतरली तेव्हा समजले की हरलो.

कुसुम माझ्यापाशी आली. रडत नव्हती, धापा टाकत होती. "आई, मले उजवीकडून वळता येत नाही. बाई सांगत होत्या." एवढंच बोलली. बसमध्ये पोरी झोपल्या. मी जागी होते. मी एकच वाक्य मनात परत परत म्हणत होते, म्हणजे वेळेवर घशात अडकायला नको.

स्टँडवर दिवे लागले होते. कुसुमचे बाबा उभे होते. त्यांनी आमची तोंडं पाहिली.

"हारल्या."

"हारलो," मी म्हटलं. "पन पोट्टी उद्या शाळेत जाईन."

"मी काय म्हनलो होतो?"

"म्हनले होते. मी आयकलं होतं. पोट्टी उद्या शाळेत जाईन. परवाही जाईन. दहावी होईपर्यंत जाईन."

लग्नानंतर मी त्यांच्याशी एवढं लांब कधी बोलले नव्हते, आणि तेही रस्त्यात, चार माणसांत. पानठेल्यावरचे दोघं आमच्याकडे पाहत होते. कुसुम बापाकडे पाहत होती, तिनं मान खाली घातली नाही.

"काहून हारल्या?" त्यांनी तिला विचारलं.

"मले उजवीकडून वळता येत नाही."

"मंग शिकव म्हना ना कोनाले."

"बाई नाही ना आता. मीच शिकीन. सकाळी मैदानात जाऊन."

त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि खांद्यावर टाकली. "मंग आता चाला लवकर घरी," ते म्हणाले. "सकाळी उठाचं आहे तिले."